धूर अडतो कुठे

रत्नागिरीत खऱ्या धुक्याचं कुणालाच कौतुक नाही. हापूसच्या शेंड्यांवर मोहोर उभा असताना ओळीनं दोन-तीन पहाटा धुक्याच्या निघाल्या की बागायतदारांची तोंडं उतरतात. भुरी येणार, करपा येणार, तुडतुड्यांचं फावणार, फवारणीचा खर्च नव्यानं अंगावर पडणार. अशा सकाळी टपरीवर चहा पिताना ‘काय मस्त धुकं पडलंय हो’ असं कुणी म्हणालंच, तर तो घाटावरून आलेला पाहुणा, हे वेगळं सांगावं लागत नाही. आणि त्याच हंगामात, त्याच गावात, आम्ही काही जण खोट्या धुक्यापायी रात्री जागवत असतो. आमच्याकडे मोहोराचा आणि नाटकाचा हंगाम एकच. दिवाळी झाली की राज्य नाट्य स्पर्धेची गडबड, पाठोपाठ जत्रा, आणि शिमगा जवळ येईल तसे नमनवाल्यांचे फोन: ‘ताई, स्मोक मोकळा आहे का या शनिवारी?’

स्मोक म्हणजे स्मोक मशीन. मी हौशी नाटकांची प्रकाशयोजना करते, म्हणजे दिवसा पोटापाण्याची नोकरी आणि संध्याकाळी शिडीवर. आमच्या संस्थेकडे ९०० वॉटचं एक मशीन आहे. काळ्या पत्र्याचं, वर उचलायला कडी, मागे प्लॅस्टिकची टाकी, पुढे पितळी तोंड, आणि लांब वायरीला लटकलेला बटणाचा रिमोट. नवं घेण्याची ऐपत नव्हती तेव्हा एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून जुनं घेतलं. तो सोलापूरकडचा, सगळी वर्षं देशावर फिरलेला. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे सोलापूर पुन्हा येणार आहे.

भुतासाठी, स्वप्नासाठी, कैलासावर शंकर दिसावा म्हणून धूर सोडतात, असा सर्वसाधारण समज. नमनात आणि दशावतारात तो खराही आहे. जाहिरातीत ‘ट्रिकसीनयुक्त’ असं ठळक छापलेलं असलं की धुराशिवाय देव प्रकटत नाही आणि राक्षस गडप होत नाही. मला मात्र धूर हवा असतो तो उजेडासाठी. उजेड आपल्या बाजूनं निघून जाताना दिसत नाही, ही गोष्ट शाळेत शिकूनही अंगवळणी पडत नाही. विंगेतून टाकलेला झोत नटाच्या गालावर पडतो तेव्हा गाल दिसतो, झोत दिसत नाही. मधल्या हवेत त्याला अडवून आपल्या डोळ्यांकडे वळवणारं काहीतरी लागतं. एकोणिसाव्या शतकात जॉन टिंडल यानं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हेच दाखवलं. हवेतली धूळ पार काढून टाकली, तर लखलखीत झोताच्या वाटेत मध्येच काळोख दिसतो. चेकोस्लोव्हाकियाचा नेपथ्यकार योसेफ स्वोबोदा यानं १९६७ साली जर्मनीत वीसबाडेनला, वाग्नरच्या ‘ट्रिस्टान आणि इसोल्ड’साठी, हवेत बारीक थेंब तरंगत ठेवून त्यांच्यात उजेडाचा खांब उभा केला. मी त्याची फक्त छायाचित्रं पाहिली आहेत, तीही काळीपांढरी. तरी ती पाहिली त्या दिवशी वाटलं होतं, आपण इतकी वर्षं दिवेच लावत आलो, उजेड काही लावला नाही.

धूर पाडायच्या जुन्या रीती सगळ्या उग्र. मशालीवर राळेची पूड भिरकावली की भपकन जाळ उठायचा. नवसागर तापवला की पांढराशुभ्र धूर निघायचा आणि तो थेट घशात जाऊन बसायचा. ड्राय आइस म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, उणे ७८ अंशांचा. गरम पाण्यात सोडला की पायांशी लोळणारं देखणं धुकं देतो, पण इथे येईपर्यंत त्यातला बराचसा वाटेतच उडून गेलेला असतो. त्यावर आमचा गावठी उपाय आहे. मशीनचा धूर गरम असतो म्हणून वर चढतो. तो बर्फावरून फिरवून गार केला की खाली बसतो. बर्फ आणि थर्माकोलचा खोका, दोन्ही गोष्टी मिरकरवाड्याच्या जेटीवर मिळतात. फक्त खोका कितीही धुतला तरी आपला पूर्वेतिहास विसरत नाही, आणि पहिल्या तीन रांगांना कैलासावर बांगड्याचा वास येतो.

या सगळ्यांपेक्षा मशीन सौम्य. त्यातलं लिक्विड म्हणजे पाणी आणि ग्लायकॉल, कधी ग्लिसरिन. असं बिनविषारी लिक्विड विकसित केल्याबद्दल जर्मनीचे ग्युंटर शाइट आणि रॉस्को कंपनी यांना ऑस्कर देणाऱ्या ॲकॅडमीनं १९८०च्या दशकात तांत्रिक पुरस्कार दिला. धुरालाही ऑस्करवाल्यांनी मान दिलाय, हे सांगितलं की मशीन टेम्पोतून उतरवताना आमची पोरं जरा कमी कुरकुरतात. अर्थात सौम्य म्हणजे निरुपद्रवी नव्हे. ब्रॉडवेवरच्या नटांच्या तक्रारींवरून २००० साली रीतसर पाहणी झाली आणि हवेत किती ग्लायकॉल चालेल याची मर्यादा ठरली. आमच्याकडे ही मर्यादा संगीत नाटकातला गायक नट ठरवतो. तो विंगेत येऊन गळ्याला हात लावून उभा राहिला की समजायचं, पुरे.

पावसाळ्यानंतर मशीन बाहेर काढलं तेव्हा ते व्यवस्थित तापलं. हिरवा दिवा लागला. बटण दाबल्यावर आतून घरघरही ऐकू आली. धूर तेवढा येईना. तोंडातून वाफेचा एक केविलवाणा धागा, मग दोन थेंब, मग तेही नाही.

पोरांनी लगेच मोबाइलवर नव्या मशीनच्या किमती काढल्या. हल्ली बिघाड या गोष्टीकडे बघायची हीच पद्धत झाली आहे. वस्तू उघडण्याआधी तिचा भाव काढायचा. आमच्या कोषाध्यक्षांनी तो भाव ऐकला आणि बैठक तिथेच संपली. मी घरी नेऊन पत्रा उघडला. आत फार काही नसतं. टाकीतून एक नळी येते, तिच्या टोकाला गाळणी. नळी पंपाला जाते, पंपातून ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यात, ठोकळ्यातून तोंडात. ठोकळ्याच्या पोटात हीटर आणि त्याच्याभोवती वेटोळं घातलेली बारीक नळी. अंगावर थर्मोस्टॅट, शेजारी थर्मल फ्यूज. इतकंच. मल्टिमीटर लावून हीटरचा रोध मोजला. २३० व्होल्टवर ९०० वॉट म्हणजे ५९ ओहमच्या आसपास यायला हवा, तो आला. गाळणी धुतली. नळीत हवेचा बुडबुडा अडकलाय का पाहिलं. वायरींची टोकं खारट हवेनं हिरवी पडली होती, ती घासली. कोकणात विजेची कुठलीही वस्तू पावसाळ्यानंतर उघडली की हा हिरवा रंग असतोच. सगळं करूनही धूर नाही, तेव्हा मशीन रिक्षात घातलं आणि काकांकडे गेले.

काकांचं दुकान बाजारपेठेतल्या एका बोळात. मिक्सर, पंखे, इस्त्र्या, मोटार रिवाइंडिंग. वय ऐंशीच्या घरातलं, हात अजून स्थिर. दुकानात बसायला एकच स्टूल आणि त्यावरही बहुतेक वेळा कुणाचा तरी मिक्सर. स्मोक मशीन त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

“हे काय आणलंस गो बाय?”

“नाटकात धूर सोडतात ना काका, त्याचं मशीन.”

“काय जाळता यात?”

“जाळत नाही. लिक्विड आत जातं, तापतं, वाफ होऊन बाहेर पडतं.”

“जातं कसं? पंपानं?”

“पंपानं.”

“आणि बाहेर यायचं भोक बारीक.”

“हो, अगदी बारीक.”

काकांनी चष्मा कपाळावर ढकलला. “मग स्टोव्हच हा.”

मी इतकी वर्षं हे मशीन हाताळत होते आणि हे मला सुचलं नव्हतं. आजीच्या स्वयंपाकघरातला पितळी स्टोव्ह मी पाहिला आहे, लहानपणी त्याला पंपही मारला आहे. टाकीत रॉकेल. पंपानं हवा भरली की रॉकेलवर दाब येतो आणि ते नळीनं वर चढतं. वरची नळी तापलेली, म्हणून तिच्यातून जाता जाता त्याची वाफ होते, आणि ती निपलच्या सुईएवढ्या भोकातून जोरानं सुटते. स्वीडनच्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट यानं १८९२ साली ही युक्ती काढली. पुढे आमुंडसेननं तिच्यावर दक्षिण ध्रुवाच्या वाटेत अन्न शिजवलं, आणि १९५३ साली ती एव्हरेस्टच्या मोहिमेतही होती. आमच्या घरात तिच्यावर भात शिजायचा आणि आंघोळीचं पाणी तापायचं. टाकी, दाब, तापलेली वाट, अरुंद तोंड. दोन्हीकडे तेच. फरक शेवटच्या बोटभर अंतरात: स्टोव्ह सुटलेल्या वाफेला पेटवतो, मशीन तिला गार हवेच्या स्वाधीन करतं.

खोडीही त्याच. आधी वाटीत स्पिरिट पेटवून नळी तापवायची आणि मग पंप मारायचा, एवढाही धीर ज्याला नसे त्याच्या तोंडावर स्टोव्ह पिवळा भडका उडवायचा, कारण वर वाफेऐवजी रॉकेलच पोचायचं. मशीनमधला थर्मोस्टॅट हाच धीर माणसाच्या वतीनं धरतो. ठोकळा तापल्याशिवाय तो पंपाला वीजच देत नाही. दिग्दर्शक विंगेतून ‘सोड, सोड’ म्हणून हातवारे करत असतो, क्यू निघून चाललेला असतो, आणि हिरवा दिवा मात्र आपल्या वेळेलाच लागतो. नाटकवाल्यांमध्ये इतकी शिस्त असलेला दुसरा सभासद मी पाहिला नाही.

काका मुळात स्टोव्हवालेच. लहान असताना वडिलांच्या मागे पेटी घेऊन आळीआळीनं हिंडले. वायसर बदलायचे, पंपाचं चामडं तेलात मऊ करायचं, फुटलेल्या टाकीला डाग द्यायचा, बर्नर उलटा करून काजळी झाडायची. मग घरोघर गॅस आला. रेशनचं रॉकेल आटत गेलं, पेटी माळ्यावर गेली, आणि काका मोटारी गुंडाळायला शिकले. ही हकिगत त्यांनी सांगितली ती तक्रारीच्या सुरात नव्हे. एका एसटीतून उतरून दुसरीत बसल्याइतक्या सहज.

“आवाज करून दाखव,” ते म्हणाले.

मशीन तापायला ठेवलं. तोवर मी हीटर मोजल्याचं सांगितलं, ओहमचा आकडाही सांगितला. “तापतंय ना?” काका म्हणाले. “मग मोजलंस कशाला?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. हिरवा दिवा लागला, मी बटण दाबलं, आणि काका मान तिरकी करून ऐकत राहिले. या पंपात फिरणारं काही नसतं. तारेचं वेटोळं, आत एक पोलादी दट्ट्या आणि स्प्रिंग. आपल्या विजेच्या लहरीबरोबर तो दट्ट्या सेकंदाला ५० वेळा पुढेमागे होतो. कॉफीच्या दुकानातल्या एस्प्रेसो यंत्रातही असलाच पंप असतो. त्याच्या आवाजावरून पुष्कळ कळतं. टाकी कोरडी असेल किंवा नळीत हवा असेल तर तो मोकळा, कर्कश, पत्र्यावर आपटल्यासारखा वाजतो. लिक्विड नीट जात असेल तर आवाज भरीव होतो. आणि पुढची वाट बंद असेल तर तो दबून येतो, घुसमटतो. दट्ट्याच वाळलेल्या लिक्विडनं चिकटला असेल तर नुसता गुणगुणाट, हालचाल नाही. हे मला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं आणि कान असणं यांत अंतर आहे. काकांनी दोनदा ऐकलं आणि म्हणाले, “पंप जोर करतोय बिचारा. पुढे वाट नाही त्याला.”

खात्रीसाठी त्यांनी वीज काढली, ठोकळ्याकडे जाणारी नळी पंपाच्या पुढून सोडवली आणि तिचं टोक चहाच्या ग्लासात धरलं. पुन्हा वीज, पुन्हा बटण. ग्लासात सणसणीत चिळकांडी उडाली. म्हणजे टाकी, गाळणी, पंप, सगळे निर्दोष सुटले. उरला ठोकळा आणि त्याचं तोंड.

इथे एक थांबा असतो, आणि तो कुणालाच आवडत नाही. ठोकळा २०० अंशांच्या वर गेलेला असतो आणि अंगभर ॲल्युमिनियम असल्यानं ती उष्णता सोडायची त्याला मुळीच घाई नसते. पंखा लावून आम्ही चहा प्यायलो. मी थर्मल फ्यूजबद्दल विचारलं, कारण कुठल्याशा दुरुस्तीवाल्यानं एका नमन मंडळाच्या मशीनमधला फ्यूज काढून तिथे सरळ वायर जोडून दिलेली मी पाहिली होती. ‘डायरेक्ट करून दिलं’ म्हणतात याला, आणि फार अभिमानानं म्हणतात. थर्मोस्टॅट अडकला आणि ठोकळा तापतच राहिला, तर एकदाच वितळून वीज तोडणं, एवढंच त्या फ्यूजचं आयुष्यातलं काम. तो नसेल तर पुढे काय होतं त्याची खूण नाकाला मिळते: ग्लिसरिन भाजून निघू लागलं की ॲक्रोलिन नावाचा वायू तयार होतो, जळक्या तेलाच्या वासाचा, डोळे-नाक झोंबवणारा. मंडपात असा वास आला तर क्यूबिऊ विसरून आधी प्लग काढावा.

काकांनी ऐकून घेतलं. “स्टोव्हला फ्यूज नव्हता,” ते म्हणाले, आणि जरा थांबून, “तरी पेपरात यायचे तितके स्टोव्ह काही फुटत नसत.”

मला कळायला क्षण लागला. माझ्या लहानपणी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक ठरलेली बातमी असायची: स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू. इतकी ठरलेली, की मोठी माणसं ती वाचून पान उलटायची. हुंडाबळीसाठी कायद्यात वेगळं कलम यायला १९८६ साल उजाडावं लागलं. “सासूच्या हातात न भडकणारा स्टोव्ह सुनेच्याच हातात कसा भडकतो, हे आम्हा स्टोव्हवाल्यांना कुणी विचारलं नाही,” काका म्हणाले. “विचारलं असतं तर सांगितलं असतं.” मग त्यांनी ठोकळ्याला बोट लावून पाहिलं आणि पाना मागितला.

पितळी तोंड सुटलं. उजेडासमोर धरलं तर आरपार काहीच दिसेना. काकांनी खण ओढला, खालच्या कागदाखाली हात घातला आणि एक पुडी काढली: स्टोव्हच्या पिना. पत्र्याची चपटी पट्टी आणि तिच्या टोकाला आडवी, केसाहून थोडी जाड तार. मी ही वस्तू कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. आजी ती खिडकीच्या चौकटीत खोचून ठेवायची. आता तिचा उपयोगच संपला, असं कुणालाही वाटलं असतं. काकांनी तोंड चिमटीत धरलं, तार टोचली, अलगद फिरवली, मागे घेतली. घाई नाही, जोर नाही, कारण जोर केला तर तार आत तुटते आणि मग त्या तुकड्याला काढायला देव यावा लागतो. तारेबरोबर काळ्या चिकट राखेचे कण आले. मग पांढरी खर आली.

ते पांढरं पाहून मी हसले. हे आमच्या पाण्याचं नव्हे. आमच्या विहिरी जांभ्यातल्या, पाणी मऊ. भांड्याला फारसे डाग पडत नाहीत. देशावरच्या काळ्या दगडातलं बोअरचं पाणी जड, क्षारांनी भरलेलं. आधीच्या मालकानं लिक्विड पुरवठ्याला यावं म्हणून त्यात नळाचं नाहीतर बोअरचं पाणी सढळ हातानं मिसळलेलं असणार. पाण्याची वाफ होऊन निघून गेली, क्षार तिथेच राहिले. पिनेच्या टोकाला सोलापूर आलं ते असं.

काळ्याचं कारण वेगळं, आणि ते नीट चालणाऱ्या मशीनलाही चुकत नाही. धूर सोडणं थांबलं तरी वेटोळ्यात थोडं लिक्विड उरतं. पाणी उडतं, ग्लायकॉल गरम ठोकळ्यावर कढत राहतं, घट्ट होतं, करपतं. प्रत्येक प्रयोगाचा एक पातळसा थर आत बसतो. ज्या पातळ गोष्टीला वाट करून द्यायची, तीच ती वाट रोज थोडी थोडी लिंपत जाते. लोक बिघाड शोधताना आधी वायरी पाहतात, सर्किट पाहतात, रिमोट उघडतात. मीही तिथूनच सुरुवात केली. विजेचा दोष मानानं सांगता येतो, त्यात काही विद्या आहे असं वाटतं. तोंड चोंदलंय, हे सांगायला कमीपणा वाटतो. काकांना तो वाटत नव्हता. त्यांच्या सगळ्या आयुष्याचा धंदा त्या भोकापाशी चाललेला.

तोंड मोकळं झालं, पण वेटोळं पिनेच्या आवाक्यातलं नाही. ते काम माझ्याकडे आलं. डिस्टिल्ड वॉटरमध्ये पांढरं व्हिनेगर मिसळायचं, चार भाग पाणी, एक भाग व्हिनेगर. मशीन तापवायचं आणि ते मिश्रण थोडं थोडं सोडत राहायचं. आंबट पाणी क्षारांना खातं. करपलेला थर मात्र विरघळत नाही, तो पापुद्र्या-पापुद्र्यानं सुटतो. मधूनमधून मशीन गार होऊ द्यायचं आणि पुन्हा तापवायचं, म्हणजे धातू आकसतो-फुगतो आणि थराची पकड ढिली होते. शेवटी नुसतं डिस्टिल्ड वॉटर, आंबटपणा आत राहू नये म्हणून. पंपाला दमही द्यावा लागतो. पुष्कळ पंपांवर छापलेलंच असतं: दोन मिनिटं चाल, एक मिनिट विसावा. हे सगळं घरात करायचं नाही. गरम व्हिनेगरचा वास घरात शिरला की लोणच्याच्या बरणीत राहायला गेल्यासारखं होतं, आणि घरची माणसं तोंडावर काही बोलत नसली तरी जेवताना बोलतात.

पैसे विचारले तर काका म्हणाले, “पिनेचे दे.” पिनेचे किती, ते त्यांनाही आठवेना. शेवटी गेल्या उन्हाळ्यात बांधून दिलेल्या माझ्याच टेबलफॅनची राहिलेली बाकी त्यांनी काढली, आणि ती पिनेपेक्षा बरीच जास्त निघाली.

अंगणात, तुळशीपासून दूर, पाटावर मशीन मांडलं. पहिले काही फवारे म्हणजे नुसतं खोकणं. तपकिरी थेंब, काळे कण, फुसफुस, मग एकदम तुंबलेलं सुटावं तशी पिचकारी. मी पाटाखाली जुनं वर्तमानपत्र घातलं होतं, त्यावर ठिपक्यांची रांगोळी झाली. गार केलं, तापवलं, सोडलं. गार केलं, तापवलं, सोडलं. शेवटी साधं पाणी, आणि मग टाकीत खरं लिक्विड.

निरोगी धूर तोंडापाशी दिसत नाही. पितळेच्या पुढे बोटभर जागा रिकामी असते, तिच्यातून पलीकडची जास्वंद स्वच्छ दिसते. त्या जागेत वाफ आहे, गरम आहे, जोरात आहे, पण वाफेला रंग नसतो. बोटभर पुढे तिला बाहेरची हवा भेटते, तिचे मायक्रॉनएवढे थेंब होतात, आणि तिथून एकाएकी पांढरं सुरू होतं. थेंबांतलं पाणी उडून जातं, ग्लायकॉलला उडायची घाई नसते, म्हणून हे धुकं खऱ्या वाफेसारखं दोन पावलांत विरत नाही. ती रिकामी जागा जितकी नितळ, तितकं मशीन बरं. स्टोव्हवाले निळी ज्योत जशी बर्नरपासून किंचित सुटलेली पाहून समाधान पावत, तशी मी ती जागा पाहत बसले. अंगणातला पिवळा बल्ब लावला, तर आजवर नुसता बल्ब असलेल्या त्या गोष्टीतून गेटपर्यंत झोत पसरला. शेवग्याच्या पानांनी त्यात फटी पाडल्या. मनातल्या मनात मी दुसऱ्या अंकाचे क्यू बदलायला घेतले. तो शेवटचा प्रवेश समोरून उजळायचा नाहीच. मागून, वरून, एकाच पार दिव्यानं...

“अगो, डासांचा धूर का गो?” कुंपणापलीकडून शेजारच्या वहिनींनी विचारलं. नगरपालिकेची धूर फवारणी झाली नाही म्हणून त्या आठवडाभर वैतागल्या होत्या. “जरा आमच्याकडे पण फिरव. मागच्या पडवीत उभं राहवत नाही संध्याकाळी.”

“वहिनी, हा नाटकातला धूर. यानं डास मरत नाहीत.”

“मग काय होतं यानं?”

“उजेड दिसतो.”

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, बल्बकडे पाहिलं. “तो दिसत होताच की,” त्या म्हणाल्या, आणि दोरीवरच्या चादरींना वास लागण्याआधी त्या काढायला वळल्या.